रीलफूट तलावातला क्रॅपी : आधी खोली, मग आमिष

अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या वायव्य कोपऱ्यात १८११-१२ च्या न्यू मॅड्रिड भूकंपांत जमीन खचली आणि रीलफूट तलाव तयार झाला. तेव्हा बुडालेल्या जंगलाचे बुंधे आजही या उथळ पाण्याखाली उभे आहेत, आणि त्यांच्या आडोशाला क्रॅपी हा चपट्या अंगाचा, अतिशय चविष्ट मासा घोळक्याने राहतो.

क्रॅपीची नजर वरच्या दिशेने असते. डोक्यावरून जाणारे भक्ष्य तो चटकन हेरतो, पण खाली उतरून खायला सहसा राजी होत नाही. त्यामुळे गळ त्याच्या किंचित वर लटकला तर तो झडप घालतो, आणि तोच गळ त्याच्या खाली गेला तर ढुंकूनही पाहत नाही. आमिषाच्या रंगावर हौशी मंडळी तासन् तास चर्चा करतात. मासा नेमका किती खोलीवर आहे, हा प्रश्न मात्र त्याआधी सुटायला हवा.

वसंतात पाणी साधारण १६ ते २० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की क्रॅपी विणीसाठी काठाजवळ येतात आणि नर घरट्याची राखण करतात. या दिवसांत तरंगत्या बोयाखाली जेमतेम एक-दोन ग्रॅमचा जिग, म्हणजे शिशाची गोळी बसवलेला गळ, बुंध्याला जवळजवळ खेटून सोडावा. त्यावर माराबूची, म्हणजे अतिशय मऊ व भुरभुरीत, पिसे बांधलेली असतील तर काठी न हलवताही पाण्याच्या हालचालीने ती हलत राहतात. इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे : छोटी मासळी पाण्यात आडवी पोहते, म्हणून जिगही आडवाच लटकला पाहिजे. मासा लागला किंवा गळ लाकडात अडकला की तंगुसाची गाठ जिगच्या कडीवर पुढे सरकते आणि जिगचा तोल बिघडतो. दर वेळी ती गाठ बोटाने पुन्हा कडीच्या माथ्यावर आणावी.

विणीआधी आणि विणीनंतर मासे विखुरलेले असतात, तेव्हा स्पायडर रिगिंग कामी येते. नावेच्या नाळेवर अनेक लांब काठ्या पंख्यासारख्या पसरून, प्रत्येक गळ वेगळ्या खोलीवर ठेवून, नाव अगदी संथ पुढे नेतात. एखाद्या काठीला वारंवार मासा लागू लागला की बाकीचे गळही त्याच खोलीवर आणतात. अर्थात, किती काठ्या वापरता येतील याचे नियम राज्यागणिक बदलतात.

रंगाचा विचार यानंतर. गढूळ पाण्यात झगझगीत पोपटी किंवा गडद रंग उठून दिसतात, तर नितळ पाण्यात पांढरा आणि रुपेरी पुरेसा ठरतो. थंडीत मासा सुस्तावला की जिवंत छोटी मासळीच सर्वांत भरवशाची.

क्रॅपीच्या तोंडाची कातडी इतकी पातळ असते की जोराचा हिसका दिल्यास ती फाटून गळ सुटतो. बोया बुडताच मनगट हलकेच वर उचलावे, तंगूस ताणलेला ठेवावा आणि मोठा मासा नेहमी जाळीनेच नावेत घ्यावा.