परदेशी पार्सलवरचं छोटं लेबल

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशातून मागवलेली वस्तू कस्टम्समध्ये अडकली की आपण कस्टम्सवर चिडतो. पण पुष्कळदा घोळ त्याआधीच झालेला असतो, विक्रेत्यानं लेबल भरलं तेव्हा. लेबल तो भरतो, पण आयातदार म्हणून जबाबदारी आपल्यावर येते. म्हणून ऑर्डर देण्याआधीच त्याच्याशी दोन ओळी बोलून घ्या.

टपालानं येणाऱ्या पार्सलवर सीएन 22 किंवा सीएन 23 हे घोषणापत्र असतं. कमी किमतीच्या छोट्या पाकिटांना 22, महाग किंवा मोठ्या पार्सलांना 23. कुरिअरनं माल आला तर हेच काम इन्व्हॉइस करतं. वस्तूचं वर्णन, नग, वजन, किंमत आणि चलन, एचएस कोड म्हणजे वस्तूचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक, मूळ देश ही माहिती त्यात लागते.

यातलं वर्णन सगळ्यात महत्त्वाचं. 'अ‍ॅक्सेसरीज', 'पार्ट्स', 'कपडे' असं लिहिलं की अधिकाऱ्याला काहीच कळत नाही आणि पार्सल बाजूला पडतं. 'पुरुषांचा सुती होजिअरी टी-शर्ट, 2 नग' असं हवं. एवढं बारीक का? एचएस कोडमुळे. 1988 पासून वापरात असलेल्या या पद्धतीत प्रत्येक वस्तूला निदान सहा अंकी क्रमांक आहे. या वर्गीकरणाच्या यादीत होजिअरीचे कपडे 61व्या प्रकरणात, मागावरच्या कापडाचे 62व्या प्रकरणात. सुती होजिअरी टी-शर्टचा क्रमांक 610910. क्रमांक बदलला की शुल्काचा दरही बदलू शकतो. मूळ देश म्हणजे वस्तू जिथे बनली तो देश. पार्सल जिथून निघालं तो नव्हे. बरेच विक्रेते इथेच चुकतात.

2021 पासून टपालानं येणाऱ्या मालाची ही माहिती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनंही आधी पाठवावी लागते. कागदावर एक आणि संगणकात दुसरं असलं, की अडकलंच म्हणून समजा.

आता हिशेब. वस्तूची किंमत 100, पाठवणीचा खर्च 20. अनेक देशांत दोन्ही मिळून, म्हणजे 120 वर आयात शुल्क लागतं. दर 10 टक्के धरला तर 12 झाले. मग मूल्यवर्धित कर लागतो तो 132 वर, नुसत्या 120 वर नाही. 20 टक्क्यांनी 26.40. एकूण 38.40. '10 आणि 20, म्हणजे 30' असा तोंडी हिशेब केलेला माणूस दारात पार्सल आल्यावर गोंधळतो तो यामुळे. त्यावर कुरिअर कंपनी आपल्या वतीनं कर आधी भरल्याबद्दल वेगळी हाताळणी फी घेते. स्वस्त वस्तूवर ती करापेक्षाही जास्त होऊ शकते. पैसे भरताना कर आणि शुल्क किमतीत धरलेलं आहे का, हे वाचून घ्या. धरलं असेल तर ती पावती जपा.

'एवढ्या स्वस्त वस्तूला काय कर लागणार' या जुन्या समजावर राहू नका. युरोपीय संघानं 22 युरोपर्यंतची करमाफी 1 जुलै 2021 ला काढली. अमेरिकेनं 800 डॉलरपर्यंतची शुल्कमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून सर्व देशांच्या मालासाठी थांबवली. नियम पाहायचा तो आपल्या देशाच्या कस्टम्सच्या अधिकृत संकेतस्थळावर, आणि आजचा.

विक्रेता आपणहून म्हणतो, 'गिफ्ट लिहितो, किंमत कमी दाखवतो.' त्याला स्पष्ट नाही म्हणा. खोट्या घोषणेवर माल जप्त होऊ शकतो, दंड आपल्याला बसतो. शिवाय पार्सल हरवलं तर भरपाईही सहसा त्या खोट्या किमतीपुरतीच मिळते.

पार्सल अडकलंच, तर मागितलेले कागद मुदतीत द्या: ऑर्डरचं पान, सवलत वजा होऊन दिलेली रक्कम दिसेल असं बँकेचं किंवा कार्डाचं विवरण, वस्तूच्या पानाची लिंक. फुकट आलेल्या वस्तूचीही किंमत दाखवावी लागते. शून्य लिहिलं तर बहुधा विचारणा होते. 'कस्टम्सचे पैसे भरा' असा मेसेज आला तर त्यातली लिंक उघडू नका. ट्रॅकिंग क्रमांक स्वतः टपाल किंवा कुरिअरच्या संकेतस्थळावर टाकून पाहा.

वस्तू परत किंवा दुरुस्तीला पाठवायची असेल, तर ती पाठवण्याआधी कस्टम्सची पद्धत विचारा. घोषणापत्रावर 'परत केलेला माल' ही खूण हवी, आणि आधी भरलेल्या शुल्काची व निर्यातीची पावतीही. त्या नसतील तर दुरुस्त होऊन आलेल्या त्याच वस्तूवर पुन्हा पूर्ण कर लागू शकतो.