साताऱ्याचा वकील, लंडनचा दरवाजा

[ड्रोन: अजिंक्यतारा, खाली शहर, मग चार भिंती]

अजिंक्यताऱ्याजवळच्या टेकडीवर या चार भिंती. राजघराण्यातल्या स्त्रियांना दसऱ्याची मिरवणूक बघता यावी म्हणून साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी त्या बांधल्या, असं सातारकर सांगतात. आज इथे १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. त्या उठावात साताऱ्यातलं मोठं नाव रंगो बापूजी गुप्ते. शाळेच्या पुस्तकात ते बंडवाले म्हणून एका ओळीत भेटतात. त्याआधीची १३-१४ वर्षं ते लंडनमध्ये साताऱ्याचे वकील, म्हणजे राजाची बाजू मांडणारे दूत होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मोबाईलच्या काळात देश एकमेकांशी कसं बोलतात, हे सांगताना आम्हाला सुरुवात त्यांच्यापासूनच करायची आहे.

[जुना राजवाडा: दरवाजा, लाकडी खांब, चौक]

१८३९ चं साल. कंपनी सरकारने प्रतापसिंह महाराजांवर आरोप ठेवले. गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान, नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांशी संधान, कंपनीच्या शिपायांना फितवणं. मुंबईचे गव्हर्नर जेम्स रिव्हेट-कार्नॅक साताऱ्यात आले. त्यांचं म्हणणं एवढंच, कबुलीवर सही करा आणि गादी ठेवा. महाराजांनी सही केली नाही. उघड चौकशी नाही, साक्षीपुरावा समोर नाही. त्यांना याच वाड्यातून बाहेर काढलं आणि पुढे काशीला धाडलं.

दाद कुठे मागायची? अन्याय करणारं सरकार इथलं, त्याचे मालक लंडनला. रंगो बापूजी निघाले.

[मोडी कागद, शिक्का, बोरू, दौत]

तेव्हाची वकिली कशी चालायची, ते या कागदांवरून कळतं. मजकूर मोडीत लिहायचा. त्याचं इंग्रजी करून घ्यायचं. प्रती काढायच्या, कारण एखादं जहाज बुडालं तर सगळं संपलं. मग पत्र मुंबईला, तिथून आगबोटीने सुएझला, वाळवंट ओलांडून अलेक्झांड्रियाला आणि पुन्हा बोटीने इंग्लंडला. सगळं सुखरूप झालं तरी दीड-दोन महिने. उत्तराला तेवढेच. महाराज १८४७ मध्ये काशीला वारले. ज्यांच्यासाठी लंडनमध्ये भांडत होतो ते आता नाहीत, हे कळायलासुद्धा बापूजींना टपालाची वाट बघावी लागली.

कंपनीच्या संचालकांनी दाद दिली नाही. तेव्हा बापूजींनी जे केलं, ते आम्हाला या सगळ्या कहाणीत मोलाचं वाटतं. त्यांनी संचालकांना वळसा घातला. कंपनीच्या भागधारकांच्या सभांमध्ये साताऱ्याचा प्रश्न पुन्हा पुन्हा काढला. पुस्तिका छापून वाटल्या. गुलामगिरीविरुद्ध लढलेले जॉर्ज थॉम्प्सन, पार्लमेंटचे सभासद जोसेफ ह्यूम अशी माणसं जोडली. परक्या देशात, परक्या भाषेत, परक्या सरकारच्या डोक्यावरून थेट तिथल्या लोकांशी बोलणं. आज हेच काम प्रत्येक देशाचं परराष्ट्र खातं एक्स आणि यूट्यूबवर रोज करतं, त्यासाठी वेगळी माणसं नेमतं. साताऱ्याच्या माणसाने ते छापखान्याच्या जोरावर केलं होतं.

[मोबाईलचा पडदा, जवळून; स्क्रीनशॉटवर बोट]

आता हा स्क्रीनशॉट बघा. आपल्याच जिल्ह्यातल्या एका मुलीने तो अजून पुसलेला नाही. २ मार्च २०२२, युक्रेनमधलं खारकीव शहर, वरून बॉम्ब पडताहेत. भारतीय दूतावासाने ट्विटरवर सूचना टाकली: खारकीव ताबडतोब सोडा, पेसोचिन, बाबाये किंवा बेझ्लुदोव्का गाठा, संध्याकाळी सहाच्या आत. वाहन नसेल तर पायी. ११ ते १६ किलोमीटर.

पूर्वी असा निरोप दूतावासाकडून दिल्लीला, दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून जिल्ह्याला आणि तिथून घरी यायचा. आज मुलीच्या हातातला फोन आणि साताऱ्यातल्या वडिलांच्या हातातला फोन एकाच मिनिटाला वाजतो. सरकारची सुटका मोहीम ऑपरेशन गंगा आणि तिच्या आधीची विमानं धरून सुमारे २२,५०० भारतीय युक्रेनमधून परत आले. त्यांच्या घरच्यांनी वकील केला नव्हता, अर्जावर तिकीट चिकटवलं नव्हतं.

ही सवय लावली सुषमा स्वराज यांनी. त्या परराष्ट्रमंत्री असताना लोक त्यांना ट्विटरवर थेट हाक मारायचे, आणि उत्तर यायचं. मंगळावर अडकलात तरी तिथला भारतीय दूतावास मदत करेल, असं त्यांनी २०१७ मध्ये लिहिलं होतं. त्याआधी, २०१५ मध्ये, ‘मदद’ पोर्टल सुरू झालं. परदेशात पगार अडकला, कुणी तुरुंगात आहे, पार्थिव आणायचं आहे, अशी तक्रार घरबसल्या नोंदवता येते आणि ती कुठे पोचली हेही दिसतं. आखातात कामाला गेलेल्यांच्या घरी हे नाव माहीत असायलाच हवं.

[लॅपटॉपवर आभासी बैठक, छोटे-छोटे चौकोन]

मोठ्या दरबारातही बदल झाला आहे. २०२० मध्ये कोरोनामुळे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत देशोदेशीच्या नेत्यांची भाषणं आधी रेकॉर्ड करून दाखवली गेली. डेन्मार्कने २०१७ मध्ये आपला राजदूत नेमला तो कुठल्या देशाकडे नाही, तर गुगल, फेसबुकसारख्या तंत्रज्ञान कंपन्यांशी बोलायला. एस्टोनियाने आपली सरकारी माहिती लक्झेंबर्गमधल्या सर्व्हरवर ठेवली, आणि दूतावासाला मिळतं तसं संरक्षण त्या सर्व्हरला करार करून मिळवलं. गुपितं मात्र सांभाळणं अवघड झालंय; २०१०-११ मध्ये विकिलीक्स या गुप्त कागद छापणाऱ्या संकेतस्थळाने अमेरिकेचे अडीच लाख राजनैतिक संदेश बाहेर काढले.

[गेंडामाळ, हुतात्मा स्मारक]

रंगो बापूजींना न्याय मिळाला नाही. दत्तक नाकारून डलहौसीने सातारा खालसा केला, बापूजी परत आले, आणि १८५७ मध्ये त्यांचा मुलगा सीताराम आणि साथीदारांना देहदंड झाला. पुढे बापूजींचा ठावठिकाणा लागला नाही.

[पुन्हा कागद, मोबाईलने फोटो काढणारा हात]

लंडनच्या त्या सभांमधली छापील भाषणं आज स्कॅन होऊन इंटरनेटवर आली आहेत. साताऱ्यातला विद्यार्थी ती फोनवर वाचू शकतो. इंग्रजांची बाजू इंग्रजीत आहे म्हणून सापडते. आपली बाजू मोडीत आहे, आणि त्यातली कितीतरी दप्तरं अजून माळ्यावर, पेटाऱ्यात, वाळवीच्या तोंडी आहेत. तुमच्या घरी असे कागद असतील तर पानापानाचे स्वच्छ उजेडात फोटो काढा, मागची बाजूसुद्धा. कागद कुणाकडून आले ते लिहून ठेवा, आणि मोडी शिकणाऱ्या एखाद्या मुलाला ते दाखवा.