बाईंच्या यादीत नसलेली मुलं

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात, मायामीच्या उत्तरेला लागूनच ब्रॉवर्ड नावाचा जिल्हा आहे. फोर्ट लॉडरडेल हे तिथलं मोठं शहर. तिथल्या सरकारी शाळांत विशेष हुशार मुलांसाठी, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘गिफ्टेड’ मुलांसाठी, खास सोय असते. २००५ पूर्वी त्यात शिरायचं तर आधी बाईंनी किंवा आईवडिलांनी मुलाचं नाव सुचवावं लागे. मग बुद्ध्यंकाची चाचणी. नावच सुचवलं नाही, तर चाचणी नाही. जिल्ह्यातली निम्म्याहून जास्त मुलं कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरांतली. पण तिसरीतल्या ‘गिफ्टेड’ मुलांत त्यांचा वाटा शेकडा २८.

२००५मध्ये जिल्ह्याने एक साधी गोष्ट केली. दुसरीतल्या झाडून सगळ्या मुलांना एक छोटी चाचणी दिली. तिच्यात वाचायचं काही नाही, नुसत्या आकृत्या. जी मुलं तिच्यात चमकली ती पुढे बुद्ध्यंकाच्या चाचणीला. बाईंनी नाव सुचवायची वाट पाहायची नाही. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नंतर याचा हिशेब मांडला. (यांतल्या कार्ड यांना पुढे २०२१चं नोबेल मिळालं, अर्थात वेगळ्या कामासाठी.) ‘गिफ्टेड’ ठरलेल्या कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण ८० टक्क्यांनी वाढलं, हिस्पॅनिक मुलांचं १३० टक्क्यांनी. आणि कृपा करून असं समजू नका की गुणांची पट्टी खाली आणली. पट्टी तीच होती. मुलंही तीच होती, आधीपासून त्याच बाकांवर बसलेली.

मग ती दिसत का नव्हती? तिथल्या बाई काही दुष्ट नव्हत्या, असं मी धरून चालते. मी स्वतः तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे हे कसं घडतं ते थोडं आतून माहीत आहे. २०१६मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दहावीतल्या एकाच मुलाबद्दल त्याच्या दोन शिक्षकांना विचारलं होतं, हा पुढे किती शिकेल? मुलगा कृष्णवर्णीय असला, तर ‘हा पदवीपर्यंत जाईल’ असं म्हणण्याची शक्यता गोऱ्या शिक्षकाच्या बाबतीत कृष्णवर्णीय शिक्षकापेक्षा तीस टक्क्यांनी कमी. मूल एक, आणि त्याची भविष्यं दोन.

बरं, मनात धरलेलं भविष्य वर्गात कुठून बाहेर पडतं? मेरी बड रो या अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक बाईंनी चक्क घड्याळ लावून मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची वाट किती वेळ पाहतात? सरासरी एक सेकंद. हुशार समजल्या गेलेल्या मुलांसाठी जवळजवळ दोन, आणि ‘ढ’ समजल्या गेलेल्यांसाठी सेकंदभरसुद्धा नाही. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा डोळ्यांपुढे आला. मी प्रश्न विचारायची, तो उभा राहायचा, शर्टाचं खालचं बटण चाचपायचा, ओठ हलायला लागायचे आणि मी म्हणायची, “बस. पुढचा सांग.” त्याच्या ओठांवर काय होतं ते मी कधीच ऐकलं नाही. मला वाटायचं, मी त्याची फजिती वाचवते आहे.

यात आपल्या लोकांनाही एक जागा आहे, आणि ती जरा अडचणीची आहे. इंग्लंडमध्ये अकरा वर्षांच्या मुलांची एक परीक्षा असे. तिचे पेपर बाहेरचे परीक्षक तपासत आणि वर्गशिक्षक आपला अंदाज वेगळा देत. सायमन बर्जेस आणि एलन ग्रीव्ह्ज यांनी २००९मध्ये दोन्ही आकडे शेजारी ठेवले. कॅरिबियन वंशाच्या कृष्णवर्णीय मुलांना शिक्षकांनी प्रत्यक्ष गुणांच्या मानाने कमी लेखलं होतं. आणि भारतीय व चिनी मुलांना? जास्त. परदेशातल्या मराठी घरांत “आमच्या मुलांचं गणित चांगलंच असतं, टीचरसुद्धा म्हणतात” हे आपण कौतुकाने ऐकतो. टीचर म्हणतात खऱ्या, पण कधीकधी पेपर बघायच्या आधीच म्हणतात. ज्या चष्म्यातून शेजारच्या बाकावरचं मूल लहान दिसतं, त्यातूनच आपलं मोठं दिसत असतं. शिवाय आपल्या घरातलं एखादं पोर खरंच गणितात अडखळत असेल, तर ते कुणाच्या लक्षात येत नाही, हा त्यातला वेगळाच ताप.

पण मग शिक्षकाने करायचं काय? नुसतं गोड बोलून भागत नाही. अमेरिकेतल्या एका शाळेत सातवीच्या मुलांनी ‘माझा आदर्श’ अशा विषयावर निबंध लिहिले. शिक्षकांनी नेहमीसारखे लाल शेरे मारले. मग संशोधकांनी प्रत्येक निबंधावर शिक्षकांच्याच हस्ताक्षरातली एक चिठ्ठी चिकटवली. कुणाला कोणती, ते सोडत काढून ठरवलेलं, शिक्षकांनाही ठाऊक नाही. अर्ध्या चिठ्ठ्यांवर साधं वाक्य: तुला अभिप्राय मिळावा म्हणून हे शेरे दिले आहेत. उरलेल्यांवर: माझ्या तुझ्याकडून फार मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पुऱ्या करू शकतोस हे मला माहीत आहे, म्हणून हे शेरे दिले आहेत. निबंध सुधारून पुन्हा द्यायचा की नाही, हे मुलांवर सोडलं. साधी चिठ्ठी मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी शेकडा १७ जणांनी निबंध पुन्हा लिहून आणला. दुसरी चिठ्ठी मिळालेल्यांपैकी शेकडा सत्तराहून अधिक जणांनी. लाल शाई दोन्हीकडे सारखीच होती. गोऱ्या मुलांतही फरक पडला, पण एवढा नाही. त्यांना बाईंच्या मनात काय आहे याची तितकी शंका बहुधा आधीच नव्हती.

ब्रॉवर्डचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. २००८च्या मंदीनंतर जिल्ह्याच्या तिजोरीत खडखडाट झाला आणि खर्च कापायचा म्हणून सगळ्यांची चाचणी बंद झाली. नावं पुन्हा बाई आणि आईवडीलच सुचवू लागले. काही वर्षांतच ‘गिफ्टेड’ मुलांची यादी जवळजवळ पूर्वीसारखी झाली.

नमस्कार.