पी१ची वजाबाकी

मंडळी, मॅक्लारेन पी१ या हायब्रिड (पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या) सुपरकारचं नाव निघालं की ९१६ अश्वशक्तीचा आकडा लगेच तोंडावर येतो. दोन टर्बोंचं ३.८ लिटरचं व्ही८ इंजिन ७३७ देतं, विजेची मोटर १७९, झाली बेरीज. मला रस आहे तो वजाबाकीत. ही गाडी कुठे हात आखडता घेते, ते बघू.

आधी हवा. मागची विंग रस्त्यावर १२० मिलिमीटर वर येते, रेस मोडमध्ये ३००. शिवाय रेस मोडमध्ये गाडी ५० मिलिमीटर खाली बसते. फोटोत विंगच दिसते, पण हे खाली बसणंही तेवढंच कामाचं. पोटाखालची फट अरुंद झाली की तिथली हवा वेगाने निघते, दाब उतरतो आणि गाडी जमिनीकडे ओढली जाते. ताशी २५७ किलोमीटरला विंग आणि पोट मिळून ६०० किलोंचा डाउनफोर्स, म्हणजे हवेने गाडीला खाली दाबणारा जोर.

आता गणित करा. डाउनफोर्स वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कमाल वेग ३५०वर बांधलेला आहे. ३५० भागिले २५७ म्हणजे १.३६, त्याचा वर्ग १.८५. विंग तशीच उभी ठेवली तर ६००चे जवळजवळ १,११० किलो होतील. तेवढ्या भाराने स्प्रिंगा दबणार, फट आणखी मिटणार, हवा कोंडणार आणि डाउनफोर्स एकदम तुटणार. मग गाडी उचलली जाते, हवा पुन्हा सुटते, गाडी पुन्हा ओढली जाते. असे हेलकावे ताशी ३०० किलोमीटरला कोणालाच नको असतात. म्हणून २५७च्या पुढे विंग आपला कोन कमी करत जाते आणि भार ६००वरच धरते.

पण नुसती मागची विंग पाडली तर मागची चाकं हलकी पडतील आणि नाक मात्र दाबलेलंच राहील. म्हणून पुढच्या चाकांच्याही पुढे, पोटाखाली, दोन फ्लॅप आहेत. तेही शून्य ते ६० अंशांत फिरतात. मागचं-पुढचं एकाच हिशेबात चालतं. सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरचं डीआरएसचं (ड्रॅग रिडक्शन सिस्टिम) बटण दाबून ठेवलं की विंग आडवी होते आणि हवेचा अडथळा २३ टक्क्यांनी घटतो. बटण सोडलं किंवा ब्रेकला पाय लागला की ती पूर्ववत.

विजेकडे येऊ. मोटर चाकांवर नाही, इंजिनलाच जोडलेली आहे. टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो, पण तो दाब (बूस्ट) भरायला वेळ लागतो. तेवढी पोकळी मोटर भरून काढते, म्हणून मोठे टर्बो बसवणं परवडलं. आणि हीच मोटर उलटही चालते: वरचा गिअर पडताना इंजिनचे फेरे झटकन उतरवायचे असतात, तेव्हा ती इंजिनला मागे खेचते. इथेही वजाबाकीच.

बॅटरी ९६ किलोंची, ३२४ सेलची. कूलंटचा प्रवाह असा वाटलेला आहे की प्रत्येक सेलचं तापमान सारखं राहावं. एखादा सेल सतत जास्त तापला तर तो आधी म्हातारा होतो, आणि पॅकची ताकद त्या कमकुवत सेलवर येऊन ठरते.

हायब्रिड म्हटलं की ब्रेक मारताना वीज परत मिळते असं आपण धरून चालतो. पी१मध्ये ते नाही. ब्रेक पेडलची जाणीव बिघडू नये म्हणून ते टाळलं, धावताना बॅटरी इंजिनच भरतं. त्याच काळातल्या पोर्शे ९१८ या हायब्रिडने मात्र ब्रेकमधून वीज मिळवली. माझ्या मते इथे मॅक्लारेनने जरा जास्तच आखडतं घेतलं: प्रत्येक वळणाआधीची ऊर्जा कार्बन-सिरॅमिक डिस्क तापवण्यात जाते आणि तिची भरपाई पेट्रोल करतं.