५० मिलिमीटरच्या गोळ्यावर घोडा

मित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांनी टोबार, म्हणजे ट्रेलर ओढायला गाडीच्या मागे लावायचा लोखंडी बार, बसवायला गाडी गॅरेजात नेली असेल, तेव्हा पहिला प्रश्न काय विचारलात? 'माझ्या गाडीला कुठला बसतो?' मीही पहिल्यांदा तेच विचारलं होतं. मेकॅनिकनं गाडीचं मॉडेल आणि वर्ष विचारलं, यादी पाहिली आणि एक टोबार काढून दिला. त्याच्या मागे काय जोडणार आहे, हे त्यानं विचारलं नाही आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही. सगळं घोडं इथंच पेंड खातं. गाडीला बसणारा टोबार आणि ट्रेलरमधल्या घोड्याला चालणारा टोबार एकच असेल, असं नाही.

ट्रेलरवर विटा लादल्या की त्या जिथे ठेवल्या तिथेच राहतात. होडी पट्ट्यांनी आवळली की हलत नाही. घोडा मात्र उभा असतो. त्याचा भार जमिनीपासून बराच उंच असतो, आणि त्यातला साधारण ६० टक्के पुढच्या पायांवर. ब्रेक लागला की तो पुढे रेलतो, चढ आला की मागे सरतो, वळणावर पाय फाकवून तोल धरतो, आणि शेजारचा घोडा आवडत नसेल तर लाथही झाडतो. मागे काय चाललंय ते बघायची गरज नसते, स्टिअरिंगला कळतं.

आता जरा हिशेब करू. घोडा ५५० किलोचा आहे. कपलिंग म्हणजे ट्रेलरचं तोंड, ते टोबारच्या टोकावरच्या गोळ्यावर बसतं. ट्रेलरच्या चाकांपासून तिथपर्यंतचं अंतर ३ मीटर धरू. घोडा २० सेंटिमीटर पुढे सरकला, म्हणजे अर्धं पाऊलही नाही. ५५० ला ०.२ ने गुणा आणि ३ ने भागा: जवळजवळ ३७ किलो. एवढा भार एका क्षणात गोळ्यावर वाढला. दोन घोडे एकदम सरकले, आणि ब्रेक लागला की एकदमच सरकतात, तर ७३ किलो. ते मागे सरकले तर तेवढाच भार कमी होतो. बहुतेक लोक या दुसऱ्या बाजूचा विचार करत नाहीत, आणि जास्त धोका तिथेच आहे. गोळ्यावरचा भार फार हलका झाला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. वेगात तो झोका वाढत जातो, आणि गाडीलाही सोबत घेतो.

म्हणून टोबारच्या पट्टीवरचे दोन आकडे वाचायला शिका. पट्टी म्हणजे टोबारला लावलेलं छोटं लेबल. त्यावर वर्तुळात किंवा चौकटीत ई हे अक्षर, मंजुरीचा क्रमांक, आणि खाली 'डी' आणि 'एस' अशी दोन मूल्यं असतात. संयुक्त राष्ट्रांच्या ५५ क्रमांकाच्या नियमाखाली जोडणीच्या या सामानाची चाचणी होते. तिथे बार यंत्राला बांधून २० लाख वेळा ओढतात आणि ढकलतात. बार एका झटक्यात तुटेल का, हा त्या चाचणीचा प्रश्न नाही. वर्षानुवर्षं धक्के खाऊन त्याला बारीक तडा जाईल का, हा आहे. ज्या बारवर पट्टीच नाही, त्याबद्दल मला बोलायचं नाही. तो लोखंडाचा तुकडा आहे.

एस म्हणजे गोळ्यावर उभा दाब किती चालेल, किलोमध्ये. ७५, ८०, १००, १४० असे आकडे दिसतील. समजा तुमचा एस ७५ आहे. घोडे शांत उभे असताना गोळ्यावर ७० किलो आहेत. कागदावर तुम्ही नियमात आहात. ब्रेक लागला, घोडे पुढे आले, की गोळ्यावर १४० च्या वर गेलं. टोबार लगेच मोडणार नाही, कारण चाचणीत धक्के धरलेले असतात. पण रोजच्या रोज त्याला मर्यादेच्या पलीकडे कामाला लावायचं कशाला? घोड्यासाठी १०० च्या खालचा एस मी घेत नाही. गाडी परवानगी देत असेल तर त्याहून जास्त. गाडीचा स्वतःचा एस वेगळा असतो, ट्रेलरच्या कपलिंगचा आणखी वेगळा. या तिघांत सर्वांत लहान आकडा कुठला, तो तुमचा.

डी म्हणजे दोन वजनांमधली खेचाखेच, किलोन्यूटनमध्ये. गाडीचं कमाल मंजूर वजन आणि ट्रेलरचं कमाल मंजूर वजन यांचा गुणाकार करा, त्याला दोन्हींच्या बेरजेनं भागा, मग ९.८१ ने गुणा आणि हजारानं भागा. गाडी २,५०० किलोची, ट्रेलर २,४०० चा, तर उत्तर १२ येतं. त्या गाडीवर ११.३ लिहिलेला बार असेल तर तो या ट्रेलरसाठी नाही, मग तो कितीही जाडजूड दिसो. आणि इथे ट्रेलरचं मंजूर वजन धरायचं. 'आज एकच घोडा आहे' ही सबब इथे चालत नाही. एक घोडा असेल त्या दिवशी तो कुठे उभा करायचा, एवढंच लक्षात ठेवा: रस्त्याच्या मधल्या, उंच बाजूला. रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाडी चालवत असाल तर उजव्या कप्प्यात, उजव्या बाजूनं चालवत असाल तर डाव्या.

मात्र टोबार दणकट घेतला म्हणून गाडी दणकट होत नाही. गाडीच्या वजनाची पट्टी दारापाशी किंवा बॉनेटखाली असते. युरोपीय पद्धतीच्या पट्टीवर पहिला आकडा गाडीचं भरलेलं वजन, दुसरा गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की भरलेली गाडी किती ओढू शकते ते कळतं. दुसरा आकडा नसेलच, तर त्या गाडीनं काहीही ओढायचं नाही असा त्याचा अर्थ होतो. काही हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचं असं आहे. 'सायकल कॅरिअरसाठी' म्हणून त्यांना बार बसतो, आणि मग कुणीतरी घरचा ट्रेलर लावून बघतो. सवलतीत टोबार मिळाला म्हणून मागे काहीतरी ओढायचं, हे नालेसाठी घोडा घेण्यासारखंच.

दोन घोड्यांचा रिकामा ट्रेलर साधारण ८०० ते १,००० किलो असतो. दोन घोडे घातले की २,००० आलेच. खोगिरं, पाणी, चारा, घोंगड्या हे कुणी मोजत नाही. ते मोजा.

आणखी एक गोष्ट. गोळा मागच्या चाकांच्याही मागे असतो, म्हणून तिथला १०० किलोचा दाब मागच्या अ‍ॅक्सलला १०० पेक्षा जास्त लागतो. मागच्या अ‍ॅक्सलपासून गोळा १.२ मीटरवर आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर २.८ मीटर असेल, तर मागे १४३ किलो चढतात आणि पुढचे ४३ किलो उतरतात. स्टिअरिंग पुढच्या चाकांवर आहे. पुढचा भाग हलका झाला की ओल्या रस्त्यावर गाडी वळायला कुरकुर करते. म्हणून मला मागे कमी लोंबणाऱ्या गाड्या आवडतात. ही आवड म्हणून ऐका, नियम म्हणून नाही.

आता प्रकार. हंसाच्या मानेसारखा वाकडा, कायमचा बसवलेला बार, बोल्टांनी बारच्या सपाट तोंडावर आवळलेला गोळा, काढता येणारा, आणि बटण दाबलं की बंपरखाली दडणारा. दिसायला शेवटचे दोन सुंदर. वारंवार घोडे नेत असाल तर माझं मत कायमच्या बाराकडे आहे, कारण त्यात बिघडायला काही नाही. काढता येणाऱ्या बारात स्प्रिंग, कुलूप, खुंट्या असतात. चिखल आणि मीठ खाऊन ते अडकतात, आणि अर्धवट बसलेला गोळा बसल्यासारखा दिसतो. तसा घ्यायचाच असेल तर हिरवी-लाल खूण पाहा, किल्ली फिरवून बाहेर काढा. नीट बसला नसेल तर बहुतेक बारांची किल्ली बाहेर येतच नाही. तिच्यावर जोर करू नका, तीच तुम्हाला सांगतेय.

बोल्टाचा गोळा आणि झोका आवरणारं घर्षणाचं कपलिंग ही जोडी जमवताना सांभाळा. त्या कपलिंगला गोळा आणि बार यांच्यामध्ये जास्त जागा लागते, म्हणून लांब मानेचा गोळा घ्यावा लागतो. शिवाय त्याला कोरडा गोळा लागतो. नव्या गोळ्यावरचा रंगही खरवडायचा, ग्रीसचं बोट लावायचं नाही. साध्या कपलिंगला नेमकं उलट, ग्रीस हवं. मित्राचा ट्रेलर उसना आणला की इथेच घोटाळा होतो.

गोळ्याचं माप बहुतेक देशांत ५० मिलिमीटर. अमेरिकेत इंचात, आणि तिथला २ इंची गोळा ५०.८ मिलिमीटरचा. हाताला फरक कळत नाही. पण ५० च्या गोळ्यावर २ इंची कपलिंग सैल बसतं. गोळा झिजतोही. व्हर्नियर कॅलिपर लावून बघा. ४९ मिलिमीटर किंवा खाली आला असेल तर बदला. उंचीही मोजा: गाडी भरलेली असताना गोळ्याचा मध्य जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटर. उंच गाडीला वाटेल तसा गोळा लावला की ट्रेलर नाक वर करून चालतो. भार मागच्या चाकांवर जातो आणि आतला घोडा सगळा प्रवास चढावर उभा असतो.

बसवण्याबद्दल थोडंच सांगतो. गाडी बनवणाऱ्यानं जी भोकं ठेवली आहेत तीच वापरायची. नवीन भोक नाही, वेल्डिंग तर नाहीच. टॉर्क रेंचनं आवळून घ्या आणि साधारण १,००० किलोमीटरनंतर परत तपासा. वायरिंगचा विचार बारासोबतच करा, नाहीतर वरातीमागून घोडं. आजच्या गाड्यांत झोका आवरणारी प्रणाली असते, पण मागे ट्रेलर आहे हे गाडीला कळलं तरच ती कामाला येते. दिवे पेटतात म्हणजे गाडीला कळलं, असं नाही.

एक फजिती सांगतो. पाऊस पडत होता, उशीर झाला होता. कपलिंग गोळ्यावर टाकलं, दांडा खाली दिसला, निघालो. आवारातून बाहेर पडेपर्यंत मागून लोखंडाचा आवाज आला. कपलिंग गोळ्यावर नुसतं टेकलं होतं, बसलं नव्हतं. जॉकी व्हीलनं, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या छोट्या आधारचाकानं, ट्रेलरचं नाक दोन-तीन इंच उचलून बघायचं असतं. गाडीचा मागचा भाग सोबत वर आला तर बसलंय. मी ते केलं नव्हतं. वेग चालण्याइतका होता, म्हणून दोन्ही घोडे आणि मी वाचलो. तेव्हापासून हे मी पावसातही करतो.

तीच गोष्ट आपत्कालीन ब्रेकच्या तारेची. ट्रेलर सुटला तर ती ताणली जाते, ट्रेलरचे ब्रेक लावते आणि मग तुटते. काढता येणाऱ्या गोळ्याच्या मानेत ती अडकवू नका. गोळाच निसटला तर तारही त्याच्याबरोबर जाईल आणि ब्रेक लागणार नाहीत. बाराच्या कायमच्या भागावर तिच्यासाठी कडी असते का, हे घेतानाच बघा. नसेल तर दुसरा बार बघा. तारेला वळणापुरती ढील हवी, पण ती जमिनीवर घासता कामा नये.

मागच्या रांगेतून एकांनी चिठ्ठी पाठवली आहे: जुना टोबार घ्यावा का? पट्टी वाचता येत असेल, तुमच्याच मॉडेलचा असेल, सगळे बोल्ट आणि बसवण्याचं पत्रक सोबत असेल, तर विचार करा. पण ज्या गाडीवरून तो काढला तिला मागून धडक बसली होती का, हे बारावर लिहिलेलं नसतं. वरून काळा रंग मारलेला असेल तर मी घेत नाही. रंगाखाली तडा दिसत नाही.

बाहेर माझी गाडी आणि ट्रेलर उभा आहे. घरातला वजनकाटा आणि गोळ्याच्या उंचीएवढा लाकडाचा ठोकळा आणला आहे. ठोकळा काट्यावर ठेवून त्यावर कपलिंग टेकवलं की गोळ्यावरचा भार कळतो. आधी रिकामा ट्रेलर मोजू. मग आमची घोडी आत चढवू आणि तोबरा दाखवून तिला पाऊलभर पुढे घेऊ. काट्यावर काय होतं ते तुम्हीच बघा.