गुरुवारचे कोल्बी

(काळोख. दूरवर मोटारीचे दिवे.)

वाळवंटातला रस्ता, रात्रीची वेळ. मोटार मध्येच बंद पडते. बाई खाली उतरते. समोरून उजेड येतो आणि वाढत जातो. आकाशातून एक तबकडी खाली उतरते, तिचं दार उघडतं, आणि उंची कपड्यांतली ही बाई सरळ आत चालायला लागते.

चुकून दुसरीच टेप लागली, असं वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. टेप काढून लेबल तपासलं. लेबल बरोबर होतं. तेलाच्या पैशावर गब्बर झालेल्या एका घराण्याच्या भाऊबंदकीची ही मालिका, नाव ‘द कोल्बीज’. अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर २६ मार्च १९८७ रोजी दाखवलेला हा तिचा शेवटचा भाग. यापुढे कोल्बींचा एकही भाग झाला नाही.

तबकडीकडे परत येऊ. आधी घराकडे जाऊ.

(हिरवळ, लांबलचक दगडी घर, पायऱ्या.)

हे घर कोल्बींचं नाही, त्यांच्या व्याह्यांचं आहे. ‘डायनॅस्टी’ या मालिकेतल्या कॅरिंग्टनांचं. मालिकेत हे डेन्व्हरला आहे. प्रत्यक्षात कॅलिफोर्नियात, वुडसाइड गावी. फिलोली हे त्याचं खरं नाव. कॅमेरा बाहेरून फिलोली दाखवतो, आणि दार उघडून माणूस आत शिरला की तो स्टुडिओतल्या सेटवर असतो.

सीबीएस वाहिनीवर १९७८ पासून ‘डॅलस’ गाजत होती. टेक्सास, तेल, भावाभावांतलं वैर. एबीसीलाही तसंच काही हवं होतं. रिचर्ड आणि एस्थर शपिरो या नवरा-बायकोने एक गोष्ट लिहून दिली, तिचं कामचलाऊ नाव होतं ‘ऑइल’. नुसतं तेल! निर्माता ॲरन स्पेलिंग. १२ जानेवारी १९८१ ला ती ‘डायनॅस्टी’ या नावाने पडद्यावर आली आणि आठच दिवसांनी रोनाल्ड रेगन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. श्रीमंती मिरवायला लाजू नये, असा तो काळ. १९८४-८५ च्या हंगामात ही मालिका अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती. तिच्या नावाने बायकांचे कपडे विकले जात होते, नायिकेच्या नावाने अत्तर विकलं जात होतं.

गंमत म्हणजे लाट आपल्याकडेही आली. १९८५ मध्ये दूरदर्शनवर ‘खानदान’ ही हिंदी मालिका लागली. उद्योगपतींचं घराणं, आणि नमुना ‘डायनॅस्टी’चा. दिग्दर्शक श्रीधर क्षीरसागर, डॉ. श्रीराम लागू त्यात होते. एकच वाहिनी, बहुतेक घरांत काळा-पांढरा संच, आणि त्यावर झुंबरं.

(लग्नाचा चर्च. काचा फुटतात. बंदुका.)

हे दृश्य १५ मे १९८५ चं. ‘डायनॅस्टी’च्या हंगामाचा शेवट. मोल्डेव्हिया नावाच्या काल्पनिक देशात शाही लग्न चालू आहे आणि बंदूकधारी आत घुसतात. गोळ्यांचा पाऊस. पडद्यावर सगळे आडवे. यातलं कोण जिवंत, कोण मेलं, या प्रश्नावर सगळा उन्हाळा गेला. सप्टेंबरात पडदा उघडला तेव्हा मेले होते फक्त दोघे, तेही दुय्यम. बाकी मंडळी धूळ झटकून उठली. फसवलं गेल्याची भावना प्रेक्षकांत होती, आणि नेमक्या त्याच वेळी एबीसीने ठरवलं होतं की या झाडाचं कलम करायचं.

कलम करणं नवं नव्हतं. ‘डॅलस’ची एक डहाळी तोडून सीबीएसने १९७९ मध्ये ‘नॉट्स लँडिंग’ लावली होती, आणि ती चौदा हंगाम जगली. पण ते कलम वेगळ्या मातीत लावलं होतं. मध्यमवर्गीय वस्ती, शेजारपाजार, बंद गल्ली. कोल्बींच्या वेळी एबीसीने तेच झाड, तेच खत आणि शेजारची कुंडी निवडली. डेन्व्हरऐवजी लॉस एंजेलिस. एक तेल कंपनी होतीच, दुसरी आली. नाव काय ठेवलं? सुरुवातीला ‘डायनॅस्टी टू : द कोल्बीज’. म्हणजे दुकानाच्या पाटीवर आधीच लिहून टाकलं, शाखा क्रमांक दोन.

२० नोव्हेंबर १९८५ ला पहिला भाग लागला.

(चेहरे, एकामागून एक. पहिला चेहरा थांबवून ठेवलेला.)

हे चार्ल्टन हेस्टन. पडद्यावर मोझेस झालेले, रथ हाकून ऑस्कर मिळवलेले. वय बासष्ट. इथे ते जेसन कोल्बी, घराण्याचे कर्ते. ही बार्बरा स्टॅनविक, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, जेसनची बहीण कॉन्स्टन्स. हॉलिवूडमध्ये बोलपट नुकतेच आले तेव्हापासून काम करणारी बाई. ही कॅथरिन रॉस. हा रिकार्डो मोंतालबान, जहाजांचा मालक झॅक पॉवर्स. खलनायकाला एवढी गोड जीभ क्वचितच मिळते.

एका मालिकेत इतकी मोठी नावं तेव्हा सहसा दिसत नसत. पैसा दिसत होता. स्टॅनविकबाई चौकटीत आल्या की बाकीचे आपोआप थोडे ताठ बसतात, हे टेप थांबवून बघा. पण त्यांना करायला काय दिलं होतं? दारात उभं राहायचं, भावाला दोन शब्द सुनवायचे, घोड्यांकडे जायचं. पहिल्या हंगामानंतर त्या बाहेर पडल्या. कॉन्स्टन्सला पडद्यामागेच मारून टाकलं. स्टॅनविक यांचं ते शेवटचं काम.

गोष्ट काय होती, ती एका दमात सांगतो. ‘डायनॅस्टी’तली फॅलन कॅरिंग्टन स्मृती गमावून, दुसऱ्याच नावाने वावरत कॅलिफोर्नियात येते आणि माइल्स कोल्बीच्या प्रेमात पडते. तिचा आधीचा नवरा जेफ कोल्बी हा याच माइल्सचा चुलतभाऊ. जेफची आई फ्रान्सेस्का ही जेसनच्या बायकोची सख्खी बहीण. आणि पुढे कळतं की जेफचा खरा बाप खुद्द जेसनच. जेसनचा मेलेला भाऊही दुसऱ्या हंगामात परत येतो. आपल्याकडे असं काही झालं की आजी म्हणायची, “कागदावर लिहून दे बाई.”

(लाकडी टेबल. कात्री, खडू, कापसाची लादी.)

आता जरा दुसरीकडे. हे दुकान मुंबईत ठाकूरद्वारला आहे. मास्तरांनी चाळीस वर्षं कोट शिवले. आम्ही त्यांना जेसनच्या बायकोचं, सेबलचं, एक थांबवलेलं चित्र दाखवलं आणि विचारलं, हा खांदा कसा उभा राहतो?

मास्तर बोलत नाहीत, करून दाखवतात. कापसाचा एक थर, त्यावर लहान थर, त्यावर आणखी लहान. कडा पातळ, मधे जाड. वर कॅनव्हासची पट्टी. लांब कच्चे टाके, दोरा ओढायचा नाही, नाहीतर खळगा पडतो. मग हे पॅड मुंढ्याच्या शिवणीपासून बोटभर बाहेर काढून बसवायचं. बाही त्यावरून खाली पडली पाहिजे, लोंबता कामा नये. “माणूस आत कसाही असू दे,” मास्तर म्हणतात, “खांदा आपला आपण उभा राहतो.”

कोल्बींच्या बायकांचे खांदे नोलन मिलर यांनी उभे केले. टेक्सासचा हा माणूस लॉस एंजेलिसमध्ये आधी फुलांच्या दुकानात काम करायचा. ॲरन स्पेलिंग तिथे गिऱ्हाईक म्हणून यायचे. ओळख वाढली, आणि पुढे स्पेलिंग यांच्या एकामागून एक मालिकांचे कपडे मिलर करू लागले. ‘डायनॅस्टी’साठी १९८४ मध्ये एमी पुरस्कार मिळाला. तिथल्या नायिकेचे, लिंडा इव्हान्सचे, खांदे मुळातच रुंद होते. मिलरनी ते लपवले नाहीत, वाढवले. मग शेजारी उभ्या राहणाऱ्या खलनायिकेला, अलेक्सिस झालेल्या जोन कॉलिन्सलाही वाढवून द्यावे लागले. दोघींपैकी एकीचाच खांदा वर राहिला असता तर भांडण बरोबरीचं दिसलं नसतं.

टीकाकार कपड्यांना हसले. हसू देत. आठवड्याला एक तासाचा भाग, त्यात पाच-सहा बायका, प्रत्येकीला दिवसाचा पोशाख वेगळा, संध्याकाळचा वेगळा. हे सगळं कापणारे, मणी टाचणारे, रात्री अस्तर लावणारे हात श्रेयनामावलीत डोळ्याचं पातं लवेपर्यंत दिसतात. आम्ही ती नामावली हळू करून लावली आहे.

(जिना. सेबल वरून खाली येते. आवाज बंद.)

आवाज मुद्दाम बंद ठेवला आहे. स्टेफनी बीचम. इंग्रज नटी, लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशाळेत शिकलेली, पॅरिसला मूकाभिनयाचे धडे घेतलेली. जन्मापासून उजव्या कानाने ऐकू येत नाही. बघा, समोरचा बोलत असताना ती त्याच्या तोंडावरून नजर हलवत नाही. सेबलची ही रोखलेली नजर बहुतेकांना कपट वाटली. मला ती ऐकणं वाटते.

सेबलला अलेक्सिसची नक्कल म्हणून हिणवलं गेलं. हा अन्याय आहे. अलेक्सिस घटस्फोट झालेली, बाहेरून दगड मारणारी. सेबल घरातली. नवऱ्याचं मन आपल्याच सख्ख्या बहिणीपाशी आहे हे ठाऊक असूनही मेजवानीचं टेबल मांडणारी. या एका पात्रावर मालिका तरली असती. लेखकांनी तिला सोडून जहाजं, खटले आणि मेलेले भाऊ आणले.

(वर्तमानपत्रातलं वेळापत्रक. बोट एका चौकोनावर थांबतं.)

हा चौकोन बघा. गुरुवार, रात्री नऊ. माझ्या मते कोल्बींचं मरण इथे लिहिलेलं आहे. बुधवारी रात्री कॅरिंग्टन, गुरुवारी रात्री कोल्बी. लागोपाठ दोन दिवस पंचपक्वान्नं कुणाला पचतात? त्यात गुरुवार म्हणजे एनबीसीचा बालेकिल्ला. आठ वाजता ‘द कॉस्बी शो’, जो त्या हंगामात देशात पहिला होता. मग ‘फॅमिली टाइज’. बरोबर नऊला ‘चिअर्स’, बॉस्टनमधल्या एका गुत्त्यातली विनोदी मालिका. आठपासून हसत बसलेलं घर नऊला उठून वाहिनी बदलेल, अशी आशा कुणी धरली असेल? रिमोट तोवर बऱ्याच घरांत आले होते, पण हसणारा माणूस तो शोधत नाही.

दहाला सीबीएसवर ‘नॉट्स लँडिंग’ होतीच. म्हणजे भाऊबंदकीचा शौकीन असेल त्यालाही एक तास थांबलं की झालं.

आणि मूळ झाडाचं काय झालं ते कुणी विचारत नाही. जेफ आणि फॅलन ही जोडी ‘डायनॅस्टी’तून उचलून इकडे आणली. नव्या घराला भिंत हवी म्हणून जुन्याची काढली.

तरी सुरुवात अगदीच वाईट नव्हती. नव्या नाट्यमालिकांमध्ये लोकांच्या पसंतीचा पीपल्स चॉईस पुरस्कार १९८६ मध्ये हिलाच मिळाला.

(तेलविहिरी. पंप थांबलेले.)

बाहेर, खऱ्या जगात, तेल कोसळत होतं. १९८५ च्या नोव्हेंबरात, म्हणजे कोल्बी पडद्यावर आले त्याच महिन्यात, पिंप तीस डॉलरच्या आसपास होतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते बारा डॉलरच्याही खाली गेलं. ह्यूस्टन आणि डेन्व्हरमध्ये कचेऱ्या ओस पडल्या, नोकऱ्या गेल्या. एबीसीचेही मालक बदलले होते. साडेतीन अब्ज डॉलरना कॅपिटल सिटीज या कंपनीने वाहिनी घेतली, आणि नवे मालक पै-पैचा हिशेब मागणारे होते. दुसऱ्या हंगामात प्रेक्षक आणखी घटले. एकूण ४९ भाग. मालिका बंद.

(पुन्हा वाळवंट. तबकडी.)

तर ही तबकडी. मालिका पुढे चालणार की नाही याची टांगती तलवार असताना लेखकांनी फॅलनला तिच्यात बसवलं. वेडेपणा म्हणा. पण या दृश्यात संवाद जवळजवळ नाहीत, दागिने नाहीत, कुणी कुणाचा बाप नाही. दोन हंगामांत कोल्बींच्या घरी इतकी शांतता पहिल्यांदाच दिसली. त्या शरद ऋतूत फॅलन ‘डायनॅस्टी’त परत आली आणि आपल्याला परग्रहावरच्यांनी नेलं होतं हे सांगू लागली. घरच्यांनी विश्वास ठेवला नाही.

सेबलही तिथे गेली, ‘डायनॅस्टी’च्या शेवटच्या, १९८८-८९ च्या हंगामात, अलेक्सिससमोर. ती भांडणं बघण्यासारखी आहेत. मे १९८९ मध्ये ‘डायनॅस्टी’ही संपली.

(ठाकूरद्वार. टेबल.)

मास्तरांना आम्ही विचारलं, असे खांदे आता कोण शिवून घेतं? “शिवायला कोणी येत नाही,” ते म्हणाले. “जुने कोट घेऊन येतात. हे काढून द्या म्हणतात.”

टेबलावर गिऱ्हाइकाचा एक बायकी कोट होता. मास्तरांनी अस्तर उसवलं, दोन बोटं आत घातली, आणि चार थरांचं पिवळं पडलेलं पॅड बाहेर काढून बाजूला ठेवलं. मग दुसऱ्या खांद्याकडे वळले.

(कॅमेरा पॅडवर. दोऱ्याचे तुकडे. कात्रीचा आवाज.)