मी बरोबर सांगितलं ना?

इथे बसलेल्यांपैकी बरेच जण काही महिन्यांत परदेशात व्हॉलंटिअर म्हणून निघणार आहात, म्हणून मी सरळ त्या रात्रीपासूनच सुरू करते. मी तेव्हा दुसऱ्या देशातून आलेल्या कुटुंबांसाठीच्या एका शेल्टरमध्ये संध्याकाळी मुलांचा अभ्यास घ्यायचे. एकदा रात्री साडेनऊच्या सुमारास वरच्या मजल्यावरनं आरडाओरडा ऐकू आला, धावत गेले तर वडील जमिनीवर पडलेले, फिट आलेली, आई त्यांच्याजवळ बसून हाका मारतेय आणि दोन मुलं भिंतीला पाठ लावून उभी. मोठा आठ वर्षांचा, धाकटी चारची.

अँब्युलन्स आली आणि त्या लोकांनी भराभर विचारायला सुरुवात केली, फिट किती वेळ चालली, आधी कधी असं झालंय का, गोळ्या कुठल्या चालू आहेत. त्यांना इंग्रजी येत होतं, मला येत होतं, आईला अजिबात नाही, आणि मोठ्याला शाळेमुळे बऱ्यापैकी यायला लागलं होतं. मी त्याच्याकडे वळले आणि म्हटलं, आईला विचार ना. तो विचारत गेला, सांगत गेला, एकदाही न रडता, आणि तिथे सगळे म्हणाले किती हुशार पोरगा आहे, मीही म्हटलं.

आई वडिलांबरोबर गेली, मुलं माझ्याकडे आणि शेल्टरमधल्या एका ताईंकडे राहिली. अर्ध्या तासाने त्याने मला हळूच विचारलं, "मी बरोबर सांगितलं ना? गोळीचं नाव चुकलं असेल तर बाबा मरतील का?"

म्हणजे बघा, वडिलांचा जीव आपण त्या आठ वर्षांच्या पोराच्या जिभेवर ठेवला होता आणि वर शाबासकी दिली होती. हे मी केलं होतं, दुसऱ्या कोणी नाही. बऱ्याच देशांत हॉस्पिटलवाल्यांना, अँब्युलन्सवाल्यांना फोनवरून दुभाषी मिळायची सोय असते, पण गडबडीत ती वापरायचं राहून जातं, आपण विचारावं लागतं. अगदीच दुसरं कोणी नसेल तर एखादा प्रश्न मुलाला विचारला जाईल, पण मग पटकन त्याच्याकडनं ते काम काढून घ्या, आणि नंतर त्याला सांगा की डॉक्टर स्वतः सगळं पुन्हा तपासतात, तुझ्या एका शब्दावर काही अडलेलं नाही. मी हे सांगितलं तर त्याने माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. पण बूट काही काढेना. बोलावणं आलं तर लगेच निघता यावं म्हणून तसाच पाय खाली सोडून बसून राहिला.

आणि धाकटी गप्प. मला वाटलं ही लहान आहे, हिला काही कळलेलं नाही. पण गप्प मूल म्हणजे शांत मूल नव्हे. 1952 साली लहान मुलांचा अभ्यास करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनच्या एका हॉस्पिटलमध्ये ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर फिल्म केली होती, तेव्हा आईवडिलांना भेटायला फार कमी वेळ द्यायचे आणि मूल रडायचं थांबलं की स्टाफ म्हणायचा, चला, रुळलं. रॉबर्टसन यांचं म्हणणं होतं की ते रुळलेलं नसतं, खचलेलं असतं. त्यानंतर हॉस्पिटलमधल्या मुलांबद्दलच्या 1959 च्या प्लॅट रिपोर्टने ब्रिटनमध्ये आईवडिलांना मुलाजवळ येण्याची मोकळीक द्या असं सांगितलं. मला हे सगळं वाचून माहीत होतं, आणि तरी समोरचं गप्प मूल मला शांत मूल वाटलं! बऱ्याच वेळाने तिने विचारलं, म्हणजे भावाने मला सांगितलं, "मी झोपत नव्हते म्हणून बाबा पडले का?" या वयात मुलं घरातल्या वाईट गोष्टीचा धागा स्वतःच्या वागण्याशी जोडतात, आणि विचारतातच असं नाही, त्यामुळे तुम्ही आपणहून सांगा की तुझ्यामुळे काही झालेलं नाही. एवढं वाक्य त्यांच्या भाषेत पाठ करून जा, बाकी भाषा आली नाही तरी चालेल.

"सगळं ठीक होईल" असं मात्र म्हणू नका. जिभेवर येतं हो, माझ्याही आलं, पण ते आपल्याला माहीत नसतं. जे माहीत आहे तेवढंच सांगायचं, बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत, आई त्यांच्याजवळ आहे, फोन आला की मी लगेच सांगणार, आणि मग खरंच लगेच सांगायचं. हसवायची, खेळवायची घाई नको. जमिनीवर त्यांच्या उंचीला बसा, कागद-रंग जवळ ठेवा, जवळ घ्यायच्या आधी विचारा, दार उघडं आणि दुसरं मोठं माणूस खोलीत, फोटो तर अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या सायकॉलॉजिकल फर्स्ट एडच्या, म्हणजे संकटातल्या माणसाला पहिला आधार कसा द्यायचा याच्या पुस्तिकेत तीन शब्द आहेत, लुक, लिसन, लिंक, म्हणजे बघा, ऐका, जोडून द्या. यातला तिसरा आपण विसरतो, कारण मूल आपल्याला बिलगलं की बरं वाटतं. पण आपण तीन महिन्यांनी परत जाणार असतो, त्याला त्याच्या माणसांपर्यंत पोचवणं हेच आपलं काम.

वडील शुद्धीवर आल्याचा फोन मध्यरात्रीनंतर आला, धाकटी तेव्हा झोपली होती. पहाटे त्यांची मावशी दुसऱ्या शहरातनं पोचली. या वेळी मी दुभाष्याला फोन लावला आणि मावशीला सगळं सांगितलं, काय खाल्लं, कोण किती झोपलं, आम्ही त्यांना नेमक्या कुठल्या शब्दांत काय सांगितलंय, म्हणजे तीही तेच सांगेल. आणि गोळीच्या नावाची त्याची भीती मुद्दाम सांगितली, कारण मोठा तिलाही तेच विचारणार हे मला माहीत होतं. ती बॅगसुद्धा खाली न ठेवता आधी त्याच्यासमोर जाऊन बसली आणि त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलली. मला एक शब्द कळला नाही. त्याने मान हलवली आणि खाली वाकून बूट काढले.